पोर्टलीश रूक्सचा तेरावा गडी

मोरेश्वर खळदकरला रग्बी आवडत नसे. तरी गेल्या पंधरा वर्षांत पोर्टलीश रूक्स या क्लबाचा एकही घरचा सामना त्याने चुकवला नव्हता. बाजूच्या रेषेशी लाकडी टेबल, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही, डोक्याला कानटोपी आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोर चाललंय ते बघायची शिक्षा कुणीतरी त्याला ठोठावली आहे. दोघा-तिघांनी मिळून एखाद्याला आडवं पाडलं की तो मराठीत पुटपुटायचा, "ही काय पकड झाली? पाडतोयस की मिठी मारतोयस?" पंचांबद्दल त्याचं मत त्याहून वाईट होतं, प्रेक्षकांबद्दल पंचांहून वाईट, आणि सामना बघायला येऊन मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्या मराठी मंडळींबद्दल तर विचारूच नका.

हा तोरा तो पुण्याहून घेऊन आला होता. तिथे आठवडाभर एका सहकारी संस्थेत कारकुनी आणि शनिवार-रविवार जिल्हा कबड्डी संघटनेचा गुणलेखक, असा त्याचा क्रम होता. स्वतः तो कबड्डी कधी खेळला नाही. मैदानात उतरणाऱ्यांना अक्कल नसते, ती टेबलावर बसणाऱ्याला असते, हे त्याने फार लवकर ठरवून टाकलं होतं. मग २००६ साली बायकोला, मेधाला, पोर्टलीशच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि चाळिशीतला हा गुणलेखक तिच्या मागोमाग आयर्लंडात आला. व्हिसाच्या कागदावर त्याच्या नावापुढे 'अवलंबित' असं लिहिलेलं होतं. इथे तो सुपरमार्केटात पहाटे फळ्यांवर डबे लावायचा, आणि ओळख करून देताना सगळे त्याला 'मेधाताईंचे मिस्टर' म्हणायचे. दुसऱ्यांना नावं ठेवून माणूस किती दिवस तग धरू शकतो, हे बघायचं असेल तर त्याची ती चार वर्षं बघावीत.

२०१० साली देशातली बांधकामं ठप्प झाली. अर्धवट घरांच्या ओळी पावसात भिजत उभ्या, आणि ती बांधणारे गवंडी-सुतार पबच्या दाराशी उभे. त्यांतला एक फिन्टन डीगन. जाड मानेचा, तुटपुंज्या शब्दांचा गवंडी. तो आणि त्याचे काही सोबती इंग्लंडच्या उत्तरेला कामावर जाऊन आलेले. तिथे त्यांना रग्बी लीगचा नाद लागला होता. ही तेरा जणांची रग्बी. पंधरा जणांची ती दुसरी, डॉक्टर-वकिलांची मुलं खेळतात ती. एकशेतीस वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या गिरण्या-खाणींतल्या कामगारांनी म्हटलं, सामन्यासाठी पडलेला खाडा भरून द्या. सभ्य लोकांना त्याची शिसारी आली, आणि कामगारांनी आपली चूल वेगळी मांडली. या अख्ख्या खेळात मोरेश्वरला एवढीच एक गोष्ट पसंत होती. खाडा म्हणजे काय ते त्याला कळत होतं.

मैदानालगतच्या बंद पडलेल्या क्रेनवर रूक, म्हणजे कावळ्याच्या जातीचे काळे पक्षी, बसायचे. म्हणून क्लबाचं नाव रूक्स, आणि जर्सीवर कावळा. नोंदी ठेवायला माणूस हवा, अशी चिठ्ठी सुपरमार्केटच्या फलकावर लागली होती. मोरेश्वरने ती वाचली, तिच्यातल्या दोन चुका पेनने दुरुस्त केल्या आणि फोन लावला.

पहिल्याच सामन्याला बारा जण आले. तेरावा त्या आठवड्यात कुणाला न सांगता ऑस्ट्रेलियाच्या विमानात बसला होता. पंच म्हणाला, पत्रकावर तेरा नावं नसतील तर सामना धरणार नाही, समोरच्यांना विजयी घोषित करतो. फिन्टनने शिवी हासडली. आता जिल्हा कबड्डीत ही काही मोठी अडचण नव्हती. गावोगावचे संघ ट्रकमधून यायचे, कुणी मागे राहायचं, आणि गुणलेखक मुकाट्याने पत्रक पुरं करायचा. नाव आधी, माणूस मागाहून. बावीस वर्षांच्या सवयीने मोरेश्वरच्या हाताने तेराव्या ओळीत लिहिलं, एम. खळदकर. पंचाने विचारलं, हा कोण? मोरेश्वर म्हणाला, मी. त्याच्या अंगावर तेरा नंबरची जर्सी चढवली, सगळ्यांनी मिळून फोटो काढला आणि सामना सुरू झाला. ऐंशी मिनिटं मोरेश्वर बाजूच्या रेषेबाहेर उभा राहून गुण लिहीत होता. आत त्याने पाऊल टाकलं नाही. बारा जण हरले, तेही सपाटून, पण सामना झाला आणि क्लब जन्माला आला.

या खेळात एक रीत आहे. क्लबाकडून पहिल्यांदा खेळलेल्या प्रत्येकाला त्याच्या क्रमाने एक नंबर मिळतो, त्याला हेरिटेज नंबर म्हणतात. जर्सीचा नंबर बदलतो; हा मरेपर्यंत बदलत नाही. पहिल्या सामन्यातल्यांना एक ते तेरा मिळाले. फिन्टनला आठ मिळाला, तो त्याने त्याच आठवड्यात हातावर गोंदवून घेतला. मोरेश्वरला तेरा. वहीच्या पहिल्या पानावर फिन्टनने एक ओळ लिहिली होती: रेषा ओलांडून आत गेला त्यालाच नंबर, बाकी कुणाला नाही. त्याच पानावर खाली तेरावं नाव होतं. बाराही जणांना खरं काय ते माहीत होतं. सामना वाचवल्याबद्दल त्यांनी त्याला आभाराचा नंबर दिला होता, आणि त्या वेळी मोरेश्वरनेही तो तसाच घेतला होता.

पुढचं पाप मात्र त्याचं एकट्याचं. त्या वर्षी डब्लिनजवळच्या मेनूथ गावच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती होता. पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवाले, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं तशीच लटकलेली, आणि प्रत्येकाच्या तोंडी आपापल्या कंपनीचं नाव. कुणीतरी विचारलं, "काका, तुम्ही कुठे असता?" मोरेश्वरने खिशातून जर्सीतला तो फोटो काढला.

"अरे वा! खेळलात तुम्ही?"

"हो," मोरेश्वर म्हणाला.

बस, एवढाच एक शब्द. पुढच्या वर्षी त्याला पाय फुटले. त्याच्या पुढच्या वर्षी मोरेश्वरने सोळा स्टोन, म्हणजे शंभरेक किलो वजनाच्या एका दैत्याला कबड्डीची घोट्याची पकड घालून चिखलात लोळवलं होतं, आणि तो दैत्य उठून म्हणाला होता, ही कुठली विद्या? लोक जेवणाची ताटं हातात धरून ऐकत. मंडळाचा अध्यक्ष संजीव पाहुण्यांना सांगे, "हे आमचे मोरेश्वरकाका, आयर्लंडात रग्बी खेळलेत." मेधाताईंचे मिस्टर हे नाव मागे पडलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या पत्रकातला एक गुण इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो दरवर्षी गणपतीपुढे उभा राहून बिनदिक्कत थापा मारत होता. त्याला लाज वाटायची का? वाटायची, गाडीत बसल्यावर थोडा वेळ. मेधा गाडी चालवत असायची आणि काही बोलत नसे.

इकडे बाराच्या बारा हळूहळू पांगले. कुणी कॅनडाला, कुणी ऑस्ट्रेलियाला गेले. फिन्टन तेवढा उरला. आणि मग क्लबाला कॉर्मॅक टायनन लाभला.

या टायननची कोंबड्या गोठवून ठेवायची मोठमोठी शीतगृहं होती आणि त्याचं बोलणंही तिथूनच काढून आणल्यासारखं थंड. त्याने तीन वर्षांपूर्वी क्लब विकत घेतला. खेळाडू पगारी झाले, समुद्रापलीकडच्या व्यावसायिक लीगच्या तळाच्या विभागात क्लबाला जागा मिळाली. फिन्टनला गवत राखायला ठेवलं. रेषेजवळचं लाकडी टेबल हलवून तिथे बिअरच्या जाहिरातीचा फलक आला. मोरेश्वर बिनपगारीच राहिला, पण त्याला आता 'क्लब रजिस्ट्रार' म्हणत. कोण कधी पहिल्यांदा खेळला, याची यादी त्याच्या सहीनेच लीगकडे जाई.

क्लबाला ओळख हवी, असं टायननच्या मनाने घेतलं. पंधरा वर्षं ज्याला लोक ओळखत होते त्या क्लबाला आता ओळख हवी होती! त्यासाठी डब्लिनहून एक बाई आणवली. ती निघाली मराठी, पुण्याचीच. अनुष्का, एकोणतीस वर्षांची. पहिल्या भेटीत तिने मोरेश्वरला वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या मिनिटाला कावळा काढून टाकला.

"काका, कावळा म्हणजे लिटरली पिंडाला शिवतो तो. फॅन्सना कसला वाइब देतोय आपण? आता वुल्फहाउंड येतोय. मोठा कुत्रा, स्ट्राँग, आयरिश. टायनन इज थ्रिल्ड."

"कावळे इथे बसायचे. कुत्रा कुणी बघितलाय?"

"काका, चिल. इट्स ग्रँड." तिने टेबलावर एक जुना फोटो ठेवला. "हे बघा खरं सोनं. क्लब २०१० पासून सुरू होतो, हा प्रॉब्लेम आहे. तेव्हा मी आठवीत होते! त्याला काय हेरिटेज म्हणायचं? पण हे आहे १९१३."

फोटोत एका जुन्या कोठारासमोर तेरा मिशाळ माणसं उभी होती. मधल्याच्या हातात काहीतरी गोल. तो मधला टायननचा पणजोबा, त्या कोठारातला कामगार. मोरेश्वरने चष्मा वर सरकवला आणि फोटो नाकाशी धरला. गुणलेखकाचा डोळा, त्याला असल्या वेळी फार आनंद होतो.

"हा चेंडू नाही. पाव आहे."

"काका, प्लीज."

"सोडा ब्रेड. वर फुलीची चीर दिसतेय बघ. आणि सगळ्यांच्या तळहातांना चिंध्या गुंडाळल्यात. ही रस्सीखेच जिंकलेली माणसं आहेत, बक्षीस पाव मिळालाय. दोर कुठाय?"

"क्रॉप झाला. फोटोची कड खराब होती."

"कुणी केला क्रॉप?"

अनुष्काने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. मैदानाच्या प्रवेशद्वाराशी एक भिंत उभारली जाणार होती. पहिल्या फलकावर १९१३ची तेरा माणसं, हेरिटेज नंबर एक ते तेरा. बाकीच्या सगळ्यांचे नंबर तेराने पुढे सरकणार. आणि दुसरा फलक संपूर्ण मोरेश्वरचा. पहिल्या सामन्याचा तोच फोटो, त्यातला तो एकटाच कापून मोठा केलेला, खाली ओळ: 'आयर्लंडात रग्बी लीग खेळलेला पहिला भारतीय.'

"आठ फूट, काका," अनुष्का म्हणाली. "संजीवदादांशी बोलणं झालंय. पूर्ण मंडळ येतंय ओपनिंगला. तुम्ही स्टेजवर यादी सर्टिफाय करायची, एवढंच. लीगला तुमची सही लागते."

"फिन्टनच्या हातावर आठ गोंदलाय. त्याचा एकवीस होईल."

"हो, ते आम्ही डिस्कस केलं. लेझरचा खर्च क्लब देईल."

तिथल्या तिथे नाही म्हणायला काय जात होतं? ज्याने एका पावाला चेंडू म्हणू दिलं नाही, त्याने फोटो परत तिच्यापुढे सरकवून उठायला हवं होतं. पण आठ फूट! मोरेश्वर म्हणाला, विचार करून सांगतो. बाहेर येताना त्याच्या मनात टायननबद्दल, त्याच्या पणजोबाबद्दल आणि अनुष्काच्या शिक्षणाबद्दल भरपूर वाईटसाईट येत होतं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो आठ फुटांत आपण कोणत्या बाजूला बघत होतो ते आठवायचा प्रयत्न करत होता.

घरी त्याने मेधाला सांगितलं. दोर, पाव, पणजोबा सगळं रंगवून सांगितलं. दुसऱ्या फलकाचं शेवटी आणि घाईत.

"मग सही करणार?" मेधाने विचारलं.

"बघू. त्या लोकांना इतिहासाशी काय देणंघेणं आहे? नुसते भंपक."

मेधा पोळ्या लाटत होती. ती हं म्हणाली आणि पुढची लाटी घेतली.

दोन दिवसांनी तो मैदानावर गेला. फिन्टन रेषा आखायच्या गाडीत चुना भरत होता. बातमी त्याच्या कानावर आलेली होती. त्याने बाही वर केली, फिकट निळा आठ दाखवला.

"युवर मॅनला, त्या टायननला, माझा हात परत हवाय म्हणे," तो म्हणाला. "सांग त्याला, कोपरापासून काप आणि गोठवून ठेव."

"मी सही करणार नाही," मोरेश्वर म्हणाला. ते त्याने तिथेच, त्या क्षणी ठरवलं होतं, आणि म्हणताना त्याची छाती जरा फुगली. "मैदानात न उतरलेल्या माणसाला नंबर कसा देणार? नियम आहे."

फिन्टन ताठ उभा राहिला. इतकी वर्षं हा माणूस मोरेश्वरशी हवा आणि गुण यांपलीकडे बोलला नव्हता.

"आणि तू?"

"माझं वेगळं आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून..."

"आम्ही तुला आभार म्हणून दिला. तू आमचा सामना वाचवलास, ते मी विसरलेलो नाही. पण तू त्याची शेखी मिरवत फिरतोस. तुमच्यातलीच एक बाई इथे आली होती, मला विचारत होती, सोळा स्टोनचा तो माणूस यांनी नेमका कुठे पाडला, मला तिथे उभं राहून फोटो काढायचाय." फिन्टन थुंकला, बाजूला, रेषेपासून लांब. "टायननचा पणजोबा निदान दोर तरी ओढत होता. तू पेन धरून उभा होतास. त्याला हाकलणार असशील तर आधी स्वतःला हाकल. नाहीतर सही कर आणि दोघं मिळून भिंतीवर चढा. मला काही फरक पडत नाही, माझा हात आहे."

तो गाडी ढकलत निघून गेला. मोरेश्वरला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. म्हणजे त्याने दुसऱ्यांना असं बोलायचं, ही रीत होती. अडाणी गवंडी, तो मनात म्हणाला. मग त्याला वाईट वाटलं, कारण या देशात ज्याच्याबद्दल त्याला खरा आदर होता असा हा एकच माणूस होता. पुढचे दहा दिवस त्याला धड जेवण गेलं नाही.

उद्घाटनाचा शनिवार वाऱ्याचा होता. मेनूथहून मंडळाची बस आली. चोवीस माणसं, त्यांतल्या सहा जणांनी फेटे बांधलेले, आणि वाऱ्यापुढे प्रत्येकाचा एक हात फेट्यावर. अंगात कुत्र्याच्या चित्राच्या नव्या जर्स्या. संजीवने मोरेश्वरच्या गळ्यात हार घातला. "काका, आज फुल्ल मराठी पॉवर! क्रॅक असणार आहे, नुसती धमाल!" क्लब कुणाचा, खेळ कुठला, आज सामना कुणाशी, यांतलं चोविसांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. मोरेश्वरने त्यांच्याकडे नेहमीच्या तुच्छतेने बघितलं, आणि मग त्याला आठवलं की हे सगळे त्याच्यासाठी आले आहेत. मेधा मागच्या रांगेत, ओव्हरकोटाची कॉलर वर करून उभी होती.

भिंतीवर निळा पडदा होता. टायननने भाषण केलं. एकशेबारा वर्षांची परंपरा, या मातीतला घाम, आपले पूर्वज. कोठाराचा कामगार असलेला पणजोबा शीतगृहवाल्या पणतूच्या तोंडून असा काही पाझरत होता की पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे टिपले. फिन्टन गवताच्या कडेला हात बांधून उभा. बाही कोपरापर्यंत वर केलेली, त्या थंडीत.

"आणि आता आपले रजिस्ट्रार ही यादी प्रमाणित करतील," टायनन म्हणाला. अनुष्काने सोनेरी कडांचा कागद पुढे ठेवला, पेन उघडून दिलं.

मोरेश्वरने कागदाला हात लावला नाही. काखेतली प्लास्टिकची पिशवी सोडली, वही काढली आणि पहिलं पान उघडलं. माइकवर त्याचा आवाज नेहमीसारखाच निघाला, शाळामास्तरी आणि कडवट. इंग्रजीत तो म्हणाला, की या क्लबाचा नियम एका ओळीचा आहे, आणि ती ओळ त्याने वाचली. १९१३च्या तेरा जणांनी दोर ओढला आणि पाव जिंकला, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. ते हा खेळ खेळले नाहीत. त्यांना नंबर नाही.

गर्दीत खसखस पिकली. टायननच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"आणखी एक," मोरेश्वर म्हणाला. खिशातून लाल पेन काढून त्याने तेराव्या ओळीवर रेघ मारली. मग मान वर केली आणि फेट्यांकडे बघत मराठीत बोलला. "मीही खेळलो नाही. पत्रक पुरं करायला नाव लिहिलं होतं, बाहेरच उभा होतो. तो सोळा स्टोनचा माणूस वगैरे काही नाही."

मग संजीवने टाळी वाजवली. "बघा! ह्याला म्हणतात विनय! काका किती डाउन टू अर्थ आहेत!" आणि चोवीस जणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी शिट्टी मारली. एक फेटा उडाला.

"विनय कसला, गाढवांनो!" मोरेश्वर माइकमध्ये ओरडला. "खोटं बोललो! पंधरा वर्षं तुमच्या तोंडावर खोटं बोललो, कळतंय का?"

आता कळलं. टाळ्या विरत गेल्या, त्याही सगळ्या एकदम नाहीत. मागच्या एकाला उशिरा समजलं. संजीव फेटा सोडवायला लागला. एक बाई दुसरीला म्हणाली, "शी! मी आईला फोटो पाठवला होता यांचा." कुणी रागावलंही नाही. रागवायला माणूस तेवढ्या लायकीचा तरी लागतो. ते त्याच्याकडे बघायचे थांबले, एवढंच.

टायनन मोरेश्वरच्या कानाशी वाकला. "ग्रँड," तो हळूच म्हणाला. "सोमवारी दुसरा कुणीतरी सही करेल." आणि त्याने पडदा ओढला. १९१३ची तेरा माणसं झगझगीत बाहेर आली, मधल्याच्या हातात पाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फेटेवाल्यांनीसुद्धा. दुसऱ्या फलकावरचा आठ फुटी मोरेश्वर दोन कामगारांनी बिअरच्या जाहिरातीच्या कापडाने झाकून टाकला. कापड तोकडं पडलं. बूट बाहेर राहिले.

मोरेश्वर खाली उतरला आणि सरळ फिन्टनकडे गेला. वही त्याच्या हातात दिली. ही वही नसेल तर नव्या सहीला लीग किती भीक घालेल, ते दोघांनाही माहीत नव्हतं. फिन्टनने पहिलं पान बघितलं, लाल रेघ बघितली, वही कोटाच्या आत घातली.

"तेराची जागा रिकामी राहील," तो म्हणाला. "ती मी कुणाला देऊ देणार नाही." आणि मैदानाकडे वळला, कारण सामना सुरू व्हायचा होता आणि कोपऱ्यातली एक रेषा पुसट दिसत होती.

हे शब्द मोरेश्वरने जपून मनात ठेवले. गाडीत बसेपर्यंत तो बराच सावरला होता. सगळ्यांसमोर स्वतःचं नाव खोडायला छाती लागते, टायननच्या सात पिढ्यांत कुणाला जमेल का, मंडळातल्या एकाला तरी, अशी त्याची आतल्या आत पुन्हा सुरुवात झाली होती. मेधाने गाडी मोटरवेलगतच्या आडरस्त्याला वळवली. वळसा घालून घरी जायचं असलं की ती तसं करायची.

"तुला धक्का बसला असेल," तो म्हणाला.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही खेळला नव्हता ते. पहिल्या सामन्याच्या दिवशी जर्सी धुवायला टाकलीत ना. मी मशीनमध्ये घालायच्या आधी बघितली. बाहेर एवढा चिखल, आणि जर्सीची दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती नीट. धुतलीच नाही मी. तशीच कपाटात ठेवून दिली."

पुढे एक ट्रॅक्टर आला, मेधाने वेग कमी केला.

"पंधरा वर्षं? आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मेनूथला तुम्ही पहिल्यांदा हो म्हणालात तेव्हा बोलणार होते. मग तुमचं तोंड बघितलं. इतके खुशीत होतात." तिने ट्रॅक्टरला मागे टाकलं, आरशात बघितलं. "म्हटलं, असू दे. दुसरं आहे काय बिचाऱ्याजवळ?"

जन्मभर मोरेश्वरने लोकांना नावं ठेवली होती. भंपक म्हटलं होतं, अडाणी म्हटलं होतं, गाढव तर आजच म्हटलं होतं. बिचारा मात्र त्याने कुणालाच म्हटलं नव्हतं. इतकं खाली त्याने कधी कुणाला लेखलं नव्हतं.